चौथा बोल्ट

आमच्या घरातली साखरेची बरणी वडिलांशिवाय कुणाला उघडायची नाही. झाकण लावायचा मानही त्यांचाच, आणि त्यांनी ते एकदा लावलं की पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा पिऊन जावं लागे. नळांचं तर विचारूच नका. दर महिन्याला एकाचा तरी वायसर जायचा. प्लंबर आमच्याकडे इतक्यांदा आलाय, की कुठली चप्पल कुणाची हे त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

वडील पाणीपुरवठ्याच्या पंपांवर फिटर होते. तिथं जरा सैल राहिलं की पाण्याचा फवारा थेट तोंडावर, त्यामुळे त्यांचं आयुष्यभर एकच तत्त्व, घट्ट ते पक्कं. नट आवळून झाला, आता पुढं सरकत नाही असं वाटलं, की पान्यावर सगळं वजन टाकून शेवटचा एक हिसका द्यायचा. त्या हिसक्याला आमच्या घरात नाव आहे, ‘एक आपला’. आधीचं सगळं आवळणं कामाचं, आणि हा हिसका आपल्या जिवाच्या समाधानाचा. दादानं आणि मी सायकल शिकायच्या आधी हे शिकून घेतलं. आम्ही कामाला लागलो तरी संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की वडील आधी तेच विचारायचे, दिला का एक आपला? आम्ही म्हणायचो, दिला. मग ते पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

दादा सैन्यात ॲम्ब्युलन्स चालवतो. मी त्याच तळावरच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करते. तिथं मला सगळे भिंगरी म्हणतात, कारण माझं बूड एका जागी टेकत नाही. गॅस बंद केला का ते बघायला मी जिन्यातून परत येते, आणि गॅस बघून झाला की कुलूप लावलं का ते बघायला पुन्हा जिना चढते. असा स्वभाव असला की या धंद्यात लोक कौतुक करतात. निदान त्या दिवसापर्यंत तरी करत होते.

वहिनीही त्याच वर्कशॉपात आहे. ती वहिनी व्हायच्या आधी माझी मैत्रीण होती. एका तुकडीत शिकलो, एकाच पान्यासाठी भांडलो, एका डब्यात जेवलो. मीच तिला घरी घेऊन आले आणि मीच दादाशी ओळख करून दिली. आ बैल मुझे मार, दुसरं काय.

आमचं बिनसलं ते नळावरून. वहिनी वडिलांना म्हणाली, बाबा, नळ जरा हलक्या हातानं बंद करत जा. गोड आवाजात म्हणाली, पण वडिलांच्या ते मनाला लागलं. त्यांनी दोन दिवस घरातल्या कशालाच हात लावला नाही, खुर्चीत नुसते बसून राहिले. ते मला बघवेना. मी वहिनीला नको नको ते बोलले. तीही काही कमी नाही. म्हणाली, तुमच्या घरात सगळेच पिळतात, नळ काय नि माणसं काय. त्यातच तिची नेलपॉलिशची बाटली हरवली. दिवसभर हात ऑइलात आणि ग्रीसमध्ये, त्यामुळे ही बाई पायाच्या नखांना लावते. बुटात कोण बघतंय, पण तिची हौस. रंग पिवळा धमक. तसल्या रंगाला मी हात तरी लावीन का? पण बाटली सापडेना तेव्हा तिनं बघितलं माझ्याकडेच. झालं. त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोलणंच टाकलं. जेवताना मीठ हवं असलं तरी दादामार्फत निरोप जायचा, आणि मीठ आमच्या दोघींच्या मध्ये असायचं.

असं घरात चाललेलं असताना दादाची गाडी वर्कशॉपात आली.

तिच्या स्टिअरिंगच्या डब्यातून तेल गळत होतं. डबा काढून, दुरुस्त करून, नवे बोल्ट घालून परत चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, बसवला. चार बोल्ट. तो सगळा डबा त्या चारांच्या जिवावर लटकलेला असतो. ते सुटले तर चाक हातात गरगर फिरत राहतं आणि गाडी आपल्या मनानं कुठंही जाते. दादाला त्याच दिवशी दुपारी वरच्या चौकीवर जायचं होतं. तिथं तिघं आजारी होते आणि एकाचा पाय मोडला होता, त्यांना खाली आणायचं होतं. तो रस्ता मी पाहिलाय. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

असल्या बोल्टांसाठी आमच्याकडे दोन हातांचा नियम आहे. एकानं आवळायचं, दुसऱ्यानं तपासायचं. आवळायचं टॉर्क पान्यानं. त्याच्या दांड्यावर आकडा लावायचा, तेवढा जोर पडला की पाना टक् करतो, आणि टक् झालं की थांबायचं. मग दुसऱ्यानं तोच पाना त्याच आकड्यावर पुन्हा लावून बघायचा. बोल्ट न हलता टक् वाजलं, की बोल्टच्या डोक्यावरून थेट चेसिसपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. पुढं बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रेघ ओढली की हात मागे. त्या बोल्टला परत कुणीही, अगदी मोठ्या साहेबांनीही, पाना लावायचा नाही. रेघ ओढणाऱ्याचा शिक्का कागदावर पडतो आणि गाडी सुटते.

हे सगळं आम्हाला उस्तादांनी शिकवलं. उस्ताद म्हणजे वर्कशॉपातले सगळ्यात जुने मेकॅनिक, आमच्या सगळ्यांचे हात त्यांच्याच हाताखाली तयार झालेत. ते म्हणायचे, बोल्ट दिसतो लोखंडाचा पण वागतो स्प्रिंगसारखा. बेतानं ताणलात तर धरून ठेवतो, हावरटासारखा ताणलात तर आतल्या आत मरतो. अति तिथं माती. ते मला तोंडपाठ होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

त्या सकाळी उस्तादांनी आवळायला वहिनीला लावलं आणि तपासायला मला. आमचा अबोला त्यांना माहीत होता. म्हणाले, इथं तोंडाचं काम नाही, हाताचं आहे.

वहिनी गाडीखाली शिरली. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, पण तिची पाठ मध्ये होती. टक्, टक्, टक्, टक्. चारही वाजले. ती बाहेर आली, माझ्याकडे न बघता पाना माझ्या हातात ठेवला आणि हात धुवायला निघून गेली. मी आत शिरून तपासलं. चारही जागी न हलता टक्. काम चोख होतं. आता ब्रश उचलायचा आणि रेघ ओढायची, एवढंच उरलं होतं.

पण ती दादाची गाडी होती हो. आणि ज्या बाईला माझ्या वडिलांचं मन कळत नाही, तिच्या हातावर भरवसा ठेवून मी माझा भाऊ त्या कड्यावर पाठवू? माझे हात नुसते शिवशिवत होते. शेवटी मी लांब दांड्याचा साधा पाना घेतला आणि पहिल्या बोल्टला दिला एक आपला. तो कुरकुरला, जरासा सरकला, बसला. दुसरा तसाच. तिसरा तर हललाच नाही. चौथ्यालाही जोर लावला. आधी तो अडला, आणि मग एकदम हलका झाला. पाना लोण्यात फिरावा तसा फिरला. आवाज नाही, काही नाही.

बोल्ट बसत असतो तेव्हा पाना जड जड होत जातो. हलका होत असेल तर आत काहीतरी सुटत असतं. हे माझ्या मनगटाला त्याच क्षणी कळलं. मी मात्र स्वतःला सांगितलं की वायसरखाली धूळ असेल, ती दबली असेल. ब्रश बुडवला, चार रेघा ओढल्या, सरळ आणि सुबक. शिक्का मारला. गाडी बाहेर पटांगणात ताफ्याच्या पुढं जाऊन उभी राहिली.

त्यानंतर माझ्या जिवाची जी घालमेल सुरू झाली ती काय सांगू. दुसऱ्या गाडीचं काम हातात घेतलं, तर ग्रीसचा डबा पायावर पाडला. चहा समोर आला, तो निवून गेला. ज्याच्यात्याच्यावर मी खेकसत होते. उजव्या मनगटात तो हलका झालेला पाना राहून राहून फिरत होता. शेवटी एक फडकं घेऊन, जणू काही काम आहे असं दाखवत, मी पटांगणात गेले.

दादा मागच्या बाजूला स्ट्रेचरवर ब्लँकेटं रचत होता. स्वारी खुशीत होती. ताफ्याच्या पुढं गाडी न्यायची त्याची ही पहिलीच वेळ. मला बघून म्हणाला, काय भिंगरी, मला निरोप द्यायला आलीस की गाडीला? मी म्हटलं, गाडीला, तुझं काय, तू काय येशीलच परत. तो हसला. तळहात पँटला पुसत होता, त्याला तांबडा गंज लागला होता. गंज कसला म्हणून विचारलं, तर म्हणाला स्ट्रेचरचा असेल. मी पुढच्या चाकामागे वाकून घाईघाईनं बघितलं. चारही रेघा जागच्या जागी, कुठंही तुटलेल्या नाहीत. रेघ म्हणत होती, सगळं ठीक आहे. पण ती मीच ओढली होती, ती दुसरं काय म्हणणार?

तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण बोललं की गाडी थांबणार, गाडीमागे ताफा थांबणार, आणि वर चौकीवर मोडका पाय घेऊन एक माणूस पडलेला. शिक्का जाणार हेही होतंच. पण खरं सांगू? या सगळ्यांपेक्षा मला एकच गोष्ट जड जात होती. वहिनीचं काम बरोबर होतं आणि बिघडवलं मी, हे तिच्यादेखत कबूल करावं लागणार होतं. माणूस किती क्षुद्र असतो ते असल्या वेळी कळतं.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये वहिनी पलीकडच्या टेबलावर बसली होती. तीही जेवत नव्हती, चमचा नुसता ताटात फिरवत होती. एकदा उठली, दारापर्यंत गेली, पुन्हा येऊन बसली. मला वाटलं, नवऱ्याची काळजी. मी उस्तादांच्या समोर जाऊन बसले आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं, की आवळता आवळता बोल्ट मध्येच हलका लागला तर काय समजायचं? ते घास चावत म्हणाले, तो मेला समजायचा, काढून फेकायचा आणि नवा लावायचा. का गं? मी म्हटलं, असंच. ते म्हणाले, असंच कुणी विचारत नाही. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते काही खोटं नाही. मी ताट तसंच टाकून उठले.

बाहेर गाड्या सुरू व्हायला लागल्या होत्या. मी पटांगण ओलांडून पुन्हा त्या चाकामागे वाकले. आणि या वेळी नीट बघितलं.

चौथ्या बोल्टवरची रेघ चमकत होती.

आमचा रंग वाळला की खडूसारखा दिसतो, त्याला चमक म्हणून नसते. ही रेघ मात्र ओठ चाटल्यासारखी चमकत होती. चारही तशाच. मी नख लावलं तर वरचा थर नखाला चिकटला. वास आला, उग्र आणि गोडसर. सुट्टीच्या दिवशी आमच्या घरात वहिनीच्या खोलीतून येतो तोच. त्या थराखाली माझी खरी रेघ होती, आणि तिचे दोन तुकडे झाले होते. बोल्टवरचा एकीकडे, चेसिसवरचा दुसरीकडे. मघाशी घाईत मला नुसता पिवळा रंग दिसला आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं होतं.

हरवलेली बाटली आणि दादाच्या तळहाताचा गंज एका क्षणात एकमेकांना जोडले गेले. वडिलांनी त्याला नोकरी लागली तेव्हा एक लोखंडी नळी दिली होती, पान्याच्या दांड्यावर चढवायला, म्हणजे जोर दुप्पट. ती आता गंजलीय आणि तो ती सीटखाली ठेवतो, हे मला माहीत होतं. आपल्या घरचा माणूस, रेघ तुटली तर लक्षात येईल म्हणून केव्हापासूनच बायकोची नेलपॉलिश घेऊन बसला होता. मी जो बोल्ट मारून ठेवला होता, त्यालाच त्यानं वर आणखी एक आपला दिला होता.

त्यानंतर मी विचार असा केलाच नाही. ताफ्याच्या साहेबांनी निघायचा इशारा करायला हात वर केला होता. मी धावत जाऊन दादाच्या गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले. दादानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“गाडी बंद कर,” मी म्हटलं. “इंजिन बंद कर आणि खाली उतर.”

साहेब तरातरा आले. त्यांचा राग रास्त होता. दुपारनंतर वर धुकं उतरतं, मग रस्ता दिसत नाही, वर माणसं वाट बघतायत, आणि ही कोण बाई गाडी अडवतेय? त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. विचारलं, तपासणी झालीय, हा शिक्का कुणाचा आहे?

“माझाच आहे साहेब. पण तो खोटा आहे.”

एवढं बोलले आणि मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच रडू यायला लागलं. तोवर उस्ताद आले. खाली वाकले, चौथ्या बोल्टला पाना लावला आणि दोन बोटांनी, झाकण उघडावं तसा, जरा फिरवला. बोल्टचं डोकं पान्याबरोबर निघून आलं आणि जमिनीवर पडलं. टिचकीएवढा आवाज झाला. इतक्या गाड्या सुरू असताना तो मला ऐकू आला, आणि दादालाही आला असणार, कारण त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. दुसरा बोल्टही हातानं फिरत होता. उरलेल्या दोघांवर गाडी घाटातलं पहिलं वळण कदाचित घेऊ शकली असती.

“कुणाचा हात?” उस्तादांनी विचारलं.

मी सांगितलं, माझा. चौथा हलका लागला होता, तरी मी रेघ ओढली, हेही सांगितलं. दादा दोन पावलं पुढं आला आणि म्हणाला, माझाही. सीटखालून त्यानं ती नळी काढली आणि खिशातून ती बाटली. वर्कशॉपातले सगळे एव्हाना गोळा झाले होते, आणि त्यांच्यात वहिनी होती. तिनं बाटली बघितली. माझ्या मनात आलं, आता ही बोलणार, आणि तिला बोलायचा हक्क आहे. नळाचं, बाटलीचं, सगळं आता व्याजासकट वसूल करणार. मी मान खाली घालून उभी राहिले.

वहिनी पुढं आली ती थेट उस्तादांसमोर.

“पहिला हात माझाच पडलाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “टक् वाजल्यावरही मी थोडं पुढं नेलं. चारही. यांच्या घराला मी नावं ठेवते, पण हा वर जाणार होता ना... माझाच हात थांबला नाही.”

उस्तादांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. “एका बोल्टवर अख्खं घर बसवलंत,” ते म्हणाले. “तो बिचारा किती सोसणार?”

कुणी हसलं नाही. खरं तर हसण्यासारखं होतं.

नवे बोल्ट आणले. उस्तादांनी स्वतः आवळले, आणि ज्याचं आमच्या घराशी काही नातं नाही अशा एका मेकॅनिकनं तपासून रेघ ओढली. दादाला उतरवून दुसरा ड्रायव्हर बसवला. आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून बघत उभे होतो. ताफा उशिरा निघाला, धुक्यात अडकला, आणि वरच्या माणसांना एक रात्र जास्त काढावी लागली. त्या रात्री मी घरभर येरझाऱ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी गाडी त्या चौघांना घेऊन सुखरूप खाली आली. मोडक्या पायाच्या माणसाला मी लांबूनच बघितलं. जवळ जायचं तोंड नव्हतं.

चौकशी झाली. माझा आणि वहिनीचा शिक्का काढून घेतला, दादाची गाडी काही काळासाठी गेली. आम्हा तिघांना सुटे भाग धुवायच्या कामाला बसवलं. वरून उस्तादांनी आपली एक शिक्षा दिली. रोज सकाळी प्रत्येकानं एक जुना बोल्ट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि तो तुटेपर्यंत आवळायचा. जड, जड, आणखी जड, आणि मग तो हलकेपणा. तिथं थांबून सांगायचं, इथं मेला. ते म्हणायचे, डोक्याला तर केव्हाच कळलंय, हाताला थांबायला शिकवा. शेजारी वहिनी डोळे मिटून आवळत असायची आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे. त्या बोल्टांवरच आम्ही पुन्हा बोलायला लागलो. पहिल्यांदा ती म्हणाली, तुझा तुटला बघ. मी म्हटलं, तुझाही. एवढ्यावर अबोला सुटला.

पण गाडी अडवली त्याच दिवशीच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आम्ही तिघं एकदम घरी आलो, तसं सहसा होत नाही. वडिलांनी पेपर खाली न करता नेहमीचं विचारलं, दिला का एक आपला?

आम्ही तिघंही दारातच उभे राहिलो. मग त्यांनी पेपर खाली केला.

“बाबा, तिघांनीही दिला,” दादा म्हणाला. “तुटला.”

वडील फिटर होते. त्यांना फोड करून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग एवढंच विचारलं, गाडी हलली होती का? दादा म्हणाला, नाही. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, बरणीचं झाकण काढायला लागले. अर्ध्यावरच थांबले. वहिनी पुढं होऊन म्हणाली, द्या बाबा, मी काढते. त्यांनी दिली. तिनं काढलं, सगळ्यांचा चहा केला आणि झाकण परत त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ते बरणीवर नुसतं टेकवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी साखरेला मुंग्या लागल्या. मुंग्या काढून चहा प्यायलो.

काही महिन्यांनी दादाला गाडी परत मिळाली. आमचे शिक्के अजून मिळालेले नाहीत, कधी मिळतील ते माहीत नाही. त्याची पहिली फेरी वरच्या चौकीचीच निघाली. सकाळी गाडीचं काम दुसऱ्याच दोघांनी केलं. आम्हाला जवळ जायची परवानगी नव्हती, आणि ते बरंच होतं. ती नळी आता आमच्या गॅलरीत आहे, तिच्यावर टॉवेल वाळत घालतो.

ताफा निघताना वहिनी आणि मी वर्कशॉपच्या दाराशी उभ्या होतो. दादानं खिडकीतून हात हलवला. माझा एक पाय पुढं आणि एक मागे. चाकामागे वाकून एकदा, फक्त एकदा बघून यावं असं सारखं वाटत होतं. दोघांनी मिळून केलेलं काम होतं, रेघ होती, शिक्का होता, तरी वाटत होतं. ते वाटणं आता जन्मभर राहणार, हे मला कळून चुकलंय. वहिनीकडे बघितलं, तर तिचंही तेच.

तिनं माझा हात धरला. चांगला घट्ट धरला. गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली, लांब जात जात वळणापाशी पोहोचली. ती दिसेनाशी झाली तेव्हा वहिनीनं माझ्या हाताला वर एक आपला दिला. बोटं कळवळली, पण मी हात सोडवून घेतला नाही.